भूक खोटी नाही त्याची

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र. मुलगा साडेनऊ वर्षांचा, उंची १३७ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. धाकटी मुलगी सात वर्षांची, ‘फुंकर मारली तर उडेल’ अशी. दोघं एकाच घरात, एकाच हातचं जेवतात. वडिलांचं वजन जास्त आणि चाळिशीच्या आतच मधुमेह. सासूबाई म्हणतात, “खाण तशी माती. आमच्याकडे सगळे लहानपणी असेच, मिसरूड फुटलं की आपोआप झडतात.” नातेवाईक मुलाला ‘लड्डू’ म्हणतात. पोहायला गेल्यावर मुलं हसली म्हणून त्यानं तलावावर जाणं सोडलं. आई त्याला मोजून दोन पोळ्या वाढते, बहिणीला मात्र आग्रह करते. लाडवांचा डबा कपाटात कुलूपबंद. मागच्या महिन्यात रात्री बारा वाजता तो अंधारात, ओट्यापाशी उभा राहून तूप-साखर-पोळी खाताना सापडला. मानेवर काळसर पट्टा आलाय, बेसन-हळद लावून घासला तरी निघत नाही. एका मैत्रिणीनं थुंकीच्या नमुन्यावरून जनुकं तपासून आहार आखून देणाऱ्या चाचणीबद्दल सांगितलंय. आई विचारते, “त्याचं मेटॅबॉलिझमच स्लो असेल का? जनुकांमुळेच हे होत असेल तर माझं काही चुकलं नाही ना? आणि जनुकांमुळेच असेल, तर मी एवढी धडपड करून उपयोग काय?”

ताई,

तुमचे शेवटचे दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. पहिल्यात जनुकं तुमची सुटका करायला येतात, दुसऱ्यात तीच तुमचे हात बांधायला. दोन्हीकडे तुम्ही एक धरून चालला आहात, की पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते तशी जनुकं म्हणजे न पुसता येणारी रेघ. तिथूनच सुरुवात करू.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते आधी मान्य करायला हवं. डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या लोकांची वजनं त्यांच्या दोन्ही आईवडिलांशी ताडून पाहिली गेली. १९८६ साली आलेल्या त्या अभ्यासात दत्तक मुलांची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळत होती. ज्यांनी वाढवलं, खाऊ घातलं, त्यांच्याशी जुळत नव्हती. पुढे २००८ साली ब्रिटनमधल्या ८ ते ११ वर्षांच्या हजारो जुळ्या मुलांचा अभ्यास आला. त्यात मुलामुलांमधल्या बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती या मापाच्या, फरकापैकी सुमारे ७७ टक्के फरक आनुवंशिक निघाला. तुमची दोन मुलं एकाच डब्यातलं खाऊन इतकी वेगळी कशी, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. सख्ख्या भावंडांत जनुकांतले साधारण निम्मेच बदल सारखे असतात. बाकी वाटा प्रत्येकाला वेगळा मिळतो. आणि खाणीचं म्हणाल तर ती एकट्या सासरची नाही, निम्मी तुमची आहे. तुम्हीही तुमच्या माहेरचे फोटो काढून बघा.

पण ७७ टक्के म्हणजे तुमच्या मुलाच्या ४६ किलोंपैकी ३५ किलो जनुकांनी दिले असं नव्हे. तो आकडा एका मुलाबद्दल बोलतच नाही. एका काळात, साधारण सारख्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांमध्ये फरक का पडतो, एवढंच तो सांगतो. परिस्थितीच सगळ्यांची बदलली तर काय होतं ते हा आकडा सांगत नाही, ते आपल्याला आपलं शहर सांगतं. पुणं सायकलींचं होतं तेव्हाही जनुकं हीच होती. तेव्हाच्या वर्गात जाड मुलगा एखादाच असायचा. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदलली ती संध्याकाळ. वाड्याचं अंगण गेलं, शाळा बसच्या अंतरावर गेली, क्लास आले, हातात पडदा आला आणि खाणं फोनवरून दारात आलं. काही मुलांची जनुकं या बदलापुढे तग धरतात. तुमच्या मुलाची धरत नाहीत. इतकाच त्या वारशाचा अर्थ आहे.

आता मेटॅबॉलिझम. ‘याची भट्टीच मंद आहे’ असं जवळजवळ प्रत्येक आई मला सांगते. प्रत्यक्षात जड मुलाचं शरीर स्वस्थ बसून असतानाही बारीक मुलापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करतं, कारण चालवायचं शरीरच मोठं असतं. जनुकं मुख्यतः वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवतात. २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकातला एक अगदी सर्रास आढळणारा बदल सापडला. तो आई आणि वडील दोघांकडूनही आला असेल तर मोठ्या माणसाचं वजन सरासरी तीन किलोनं जास्त भरतं. बाळ जन्मतं तेव्हा या बदलाचा वजनावर काही परिणाम दिसत नाही, सातव्या वर्षापर्यंत तो दिसू लागतो. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २००८ साली शाळकरी मुलांना जेवायला बसवून हा बदल नेमकं काय करतो ते पाहिलं. ज्यांच्यात तो होता त्या मुलांची ऊर्जा कमी खर्च होत नव्हती. ती मुलं इतरांएवढ्याच वजनाचं अन्न खात होती, पण त्यातलं जास्त उष्मांकांचं, तेला-तुपाचं, गोडाचं निवडून खात होती.

हे वाक्य पुन्हा वाचा ताई, कारण तुमच्या मुलाची तूप-साखर-पोळी त्यात आहे.

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण तिचा हिशेब मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात चालतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, ते तिथे जाऊन ‘साठा पुरेसा आहे, थांब’ असा निरोप देतं. १९९४ साली लेप्टिनचं जनुक सापडलं. निरोप पोचवणाऱ्या या साखळीत अनेक जनुकांचे हात आहेत, त्यांतलं एमसी४आर नावाचं जनुक डॉक्टरांच्या चांगल्याच परिचयाचं आहे. साखळीत कुठे थोडी ढिलाई असली की ‘पोट भरलं’ हे उशिरा कळतं, आणि समोर आलेल्या पदार्थाची ओढ जास्त वाटते. सगळंच मेंदूत घडतं असंही नाही. २०१५ साली दिसलं की एफटीओमधला तोच बदल शेजारच्या दोन जनुकांची कळ फिरवतो, आणि मग नव्यानं घडणाऱ्या चरबीच्या पेशी उष्णता निर्माण करण्याऐवजी साठवण करण्याकडे झुकतात. तरी मुलांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती भूकच. तुमच्या मुलाची भूक खरी आहे. ती हावरटपणा नाही, आणि तुमच्या मुलीला दोन घासांत तृप्ती येते यात तिचा संयम नाही. दोघांना वेगवेगळ्या आवाजाची घंटा मिळाली आहे.

हे मला फार उशिरा समजलं. बालरोगतज्ज्ञ म्हणून सुरुवातीच्या काळात मी आयांना सांगत असे, “जरा हात आखडता घ्या, मोजून वाढा.” एक मुलगी चार महिन्यांनी पुन्हा आली तेव्हा वजन वाढलेलंच होतं, आणि ती माझ्याकडे मान वर करून बघत नव्हती. घरातले तिच्या दप्तरात बिस्किटांची रिकामी पाकिटं शोधत होते. मी दिलेल्या सल्ल्यानं त्या मुलीला चोर केलं होतं. ज्या मुलाची भूक मोठी त्याच्यापुढे कुलूप लावलं की त्याला खाण्याचे विचार कमी सुचत नाहीत, जास्त सुचतात. म्हणून पहिली विनंती ही, की ताटं वेगळी करू नका. त्याला मोजून आणि तिला आग्रहानं, हे उद्यापासून थांबवा.

थांबवायचं दुसरं कारण तुमची मुलगी आहे. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती बारीक आहे म्हणजे ती सुखरूप आहे हे कशावरून? हा प्रश्न पुण्यातच विचारला गेला आणि इथल्या उत्तरानं जगातल्या डॉक्टरांना विचार बदलायला लावला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास हाती घेतला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती, पोट आणि स्नायू तर फारच, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं प्रमाण जास्त. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुढे २००९ साली पुणे आणि म्हैसूरच्या लोकांमध्ये एफटीओ तपासलं तेव्हा असं आढळलं की त्या बदलाचं मधुमेहाशी असलेलं नातं नुसत्या वजनातून उलगडत नाही. वजन हिशेबातून वजा केलं तरी ते नातं उरतंच.

म्हणजे तुमच्या घरात मधुमेहाचा वारसा दोन्ही मुलांना आलेला असू शकतो, एकाच्या अंगावर तो दिसतो आणि दुसरीच्या दिसत नाही. ‘तिला काय होतंय, तिनं खावं’ म्हणून तिच्या पानात वाढलेला जादाचा लाडू तिच्याही भल्याचा नाही.

‘मिसरूड फुटलं की झडतात’ याबद्दल मात्र मी सासूबाईंशी सहमत नाही. काही मुलं झडतात हे खरं, पण लठ्ठ मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं किशोरवयातही लठ्ठच राहतात. चरबीच्या पेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते. मोठेपणी वजन उतरलं तरी पेशी आकारानं आक्रसतात, संख्येनं कमी होत नाहीत, असं स्वीडनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. वाट बघण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. त्याच वेळी त्याचं वजन घटवायची घाईही नको. या वयाचा मुलगा वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतो. वजन आहे तिथे रोखून धरलं तरी उंची आपलं काम करते. वर्षभर ४६ किलोवरच राहिला तर मी त्याला शाबासकी देईन.

आता ती थुंकीची चाचणी. माझं मत विचाराल तर ते पैसे ठेवून द्या. २०१८ साली सात लाख लोकांच्या माहितीतून बीएमआयशी संबंधित जनुकीय बदलांच्या ९४१ जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम ६ टक्के फरक समजावून सांगतात. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर ‘तुमच्या मुलानं भात सोडावा, बदाम खावेत’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते विकायचं बोलणं आहे. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ मोठ्या माणसांवर वर्षभर प्रयोग केला. काहींना कमी स्निग्धांशाचा आहार दिला, काहींना कमी कर्बोदकांचा. जनुकांवरून ‘तुम्हाला हा मानवेल’ असं जे भाकीत होतं ते खरं ठरलं नाही. दोन्ही गटांत वजनं जवळपास सारखीच उतरली.

शिवाय एका गोष्टीची मला खरोखर भीती वाटते. स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या एका प्रयोगात, २०१९ साली, लोकांना त्यांच्या जनुकांबद्दल चिठ्ठ्या टाकून काहीही सांगण्यात आलं, खरं असो वा नसो. ‘तुमचं जनुक तुम्हाला लठ्ठपणापासून वाचवतं’ असं ऐकलेल्यांना त्याच जेवणानंतर जास्त तृप्ती वाटली आणि रक्तातलं तृप्तीचं संप्रेरकही वाढलं. व्यायामाबद्दल वाईट बातमी ऐकलेल्यांचा दम लवकर तुटला. नुसत्या सांगण्यानं. तुमच्या घरात ‘आमच्याकडे सगळे असेच’ हे त्या मुलानं किती वेळा ऐकलं असेल? आणि ‘लड्डू’? पुढच्या समारंभात कोणी त्याला तसं हाक मारली तर तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी तिथल्या तिथे, त्याच्यासमोर, त्याचं खरं नाव घेऊन ती दुरुस्त करा. नातं दुखावेल याची काळजी करू नका.

जनुकांची तपासणी कधीच करू नये असं मी म्हणत नाही. पाच वर्षांच्या आत, अगदी तान्हेपणापासून न शमणारी भूक आणि झपाट्यानं वाढणारं वजन. जन्मतः लुळं, दूध ओढता न येणारं बाळ आणि पुढे अनावर खाणं. बोलण्या-शिकण्यात मागे पडणं, नजर अधू असणं, हातापायाला जादा बोट, अशी लक्षणं असतील तर मुलांच्या ग्रंथिविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. तेच मग नेमकी तपासणी सांगतात. अशी मुलं थोडी असतात, पण त्यांचं निदान आयुष्य बदलतं. १९९७ साली इंग्लंडमध्ये दोन चुलत भावंडांत लेप्टिन मुळीच तयार होत नसल्याचं कळलं. त्यांतली मुलगी नऊ वर्षांची असताना ९४ किलोंची होती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर वर्षभरात तिचं वजन सोळा किलोंनी उतरलं. तुमच्या पत्रात मला अशी खूण दिसत नाही. तुमच्या मुलाची उंची वयाला साजेशी आहे हेही चांगलं लक्षण. उंची खुंटून वजन वाढत असेल तर मी थायरॉइडचा आणि इतर ग्रंथींचा विचार आधी केला असता.

तरीही डॉक्टरांकडे या आठवड्यात जाच, आणि जायचं कारण ती मान आहे. तो मळ नाही. रक्तात इन्शुलिन जास्त राहू लागलं की मानेच्या, काखेच्या घड्यांमधली त्वचा अशी जाड आणि काळसर होते. शरीराला इन्शुलिनची भाषा नीट कळेनाशी झाली आहे याची ती खूण असते. वडिलांना मधुमेह असल्यामुळे रक्तातली साखर, यकृताची तपासणी, चरबीची पातळी आणि रक्तदाब एवढं करून घ्या. यकृतावर चरबी साचण्यामागेही काही जनुकीय बदल असतात, आणि ती साचलेली बाहेरून दिसत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली आपल्या मुलांसाठी वाढीचे सुधारित तक्ते केले आहेत. त्यावर त्याची जागा डॉक्टरांना मांडायला सांगा. घरी मोजायचं असेल तर शिंप्याची टेप पुरेशी आहे. कमर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी, म्हणजे त्याची साडेअडुसष्ट सेंटिमीटरच्या आत. मुलीचीही मोजा. आणि तुम्हा दोघांचीही, मुलांच्या देखत.

घरातल्या बदलांबद्दल मी फार नियम सांगणार नाही. मोठी भूक असलेल्या मुलाला पोटभर जेवू द्यायचं आणि घरात काय येतं ते आपण ठरवायचं, हे एवढं जमलं तरी पुष्कळ. कुलूप काढा, पण डबाभर लाडूही करू नका. सणाला चार करा, सगळ्यांनी मिळून खा, संपवा. त्याची पानात बसतानाची भूक वरण, उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक यांनी आधी भरू द्या. तिसरी पोळी मागितली तर वाढा, डोळे वटारू नका. शाळेतून येतो ती पाच वाजताची भूक सर्वांत धोक्याची. बेकरीचा पुडा हाताशी असेल तर तोच फुटणार. त्या वेळी मुगाचं धिरडं, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, अंडं, फळ, असं काही तयार दिसलं पाहिजे. इथे सासूबाईंना सोबत घ्या. त्यांच्या हातचं थालीपीठ, त्यांच्या हातची मोकळ भाजणी. त्यांना नातवाला भरवायचंय, ती माया आहे. ‘देऊ नका’ म्हटलं तर त्या लपवून देतील, ‘पाच वाजताचं तुमच्याकडे’ म्हटलं तर घर एका बाजूला येईल. दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरी, पाकिटातले रस आणि सरबतं बंद. जेवताना पडदा बंद. झोप नऊ तासांच्या खाली नको, अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशीची भूक वाढते.

खेळाबद्दल एक खरं सांगते. मोठ्या माणसांत असं दिसलंय की नियमित हालचाल करणाऱ्यांमध्ये एफटीओचा परिणाम सुमारे पाव हिश्शानं कमी होतो. मुलांच्या आकड्यांत तसं दिसलं नाही. तेव्हा ‘पळ म्हणजे बारीक होशील’ असं त्याला सांगू नका. महिन्यानं वजनकाटा हलला नाही की तो पळणं सोडेल. पण हालचालीनं इन्शुलिन नीट काम करू लागतं, वजन तेवढंच राहिलं तरीही, आणि त्याला आज नेमकं तेच हवंय. रोज तासभर. तलावावर परत जायची सक्ती नको, तिथे तो उघड्या अंगानं हसू झेलून आलाय. रविवारी पहाटे बाबांनी त्याला घेऊन तळजाईला किंवा पर्वतीला जावं. मधुमेह बाबांना आहे, त्यांनाही चालायला सांगितलंच असेल. बाबांना धाप लागते आणि तेही मध्ये थांबतात हे त्यानं पाहावं.

तुमचं चुकलं का, हे राहिलं. त्याची भूक तुम्ही घडवली नाहीत. कुलूप लावलंत ते घाबरून लावलंत, मीही एकेकाळी आयांना तेच सांगत होते. ज्या रात्री तो अंधारात सापडला त्याबद्दल त्याच्याशी एकदा बोला. रागावण्यासाठी नाही. “तुला भूक लागली होती ना? लागली तर मला उठव,” एवढंच. आणि मानेवर बेसन-हळद घासणं आजपासून बंद करा. आंघोळीच्या वेळी त्याला सांगा की हा मळ नव्हताच, तू अस्वच्छ नव्हतास, आपण डॉक्टरांना दाखवणार आहोत.